डोळ्यावर ठेवलेला हात

ईरा, निहार — हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. तुमचे आजोबा असते तर कदाचित त्यांना सांगितलं असतं. पण हे सगळं ते गेल्यानंतरचं. तुमच्या बाबाला सांगायला गेले तर तो म्हणेल, आई, एवढं काय त्यात, आणि विषय संपवून टाकेल. मला तो तसा संपवायचा नाही.

इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, हे मला ठाऊक आहे. माझं शिक्षण इंग्रजीत झालं. न्हावा शेव्याच्या बंदरातून माल पाठवणाऱ्या कंपनीत मी नोकरीभर इंग्रजी कागद तयार केले. एक आकडा इकडचा तिकडे झाला तर अख्खा कंटेनर अडकून पडायचा, म्हणून माझी वाक्यं चोख असायची. पण तीच अडचण आहे. इंग्रजीत मी फार सफाईदार होते. ‘चूक झाली, खेद आहे’ अशी वाक्यं आपोआप हाताला येतात — ज्यांत चूक दिसते आणि ती करणारं माणूस दिसत नाही. मराठीत मी अडखळते. अडखळलेलंच बरं. तुम्ही हळूहळू वाचा. एखादा शब्द अडला तर एकमेकांना विचारा, बाबाला नको.

तुम्हाला ती लाफिंग आजी आठवते का?

आठवत असणार. तिच्याबद्दल मी तुम्हाला काहीतरी सांगितलं होतं. ते खोटं होतं. पण ते खोटं लहान. मोठं पुढे आहे — तिथपर्यंत मला सावकाश जाऊ द्या.

आजोबा गेले त्या वर्षी माझा रक्तदाब खाली येईना. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि वर म्हणाले, तळ्याजवळच्या बागेत सकाळी हास्यक्लब असतो, जात जा. म्हणजे हसायचंसुद्धा गोळीसारखं, सकाळी उपाशीपोटी. मला राग आला होता. माणूस गेलेल्या बाईला कोणी असं सांगतं का? पण मी औषध चुकवणारी नाही. गेले.

तिथे नुसता गोंधळ होता. कोणी कधीही यायचं, कोणी हसता हसता भाजीचे भाव विचारायचं. वर्षभरात मी एका शिबिराला जाऊन रीतसर शिकून आले आणि पुढे उभी राहायला लागले. आधी श्वास, मग टाळ्या — हो हो, हा हा हा — मग नमस्कार हास्य, ताक घुसळण्याचं हास्य, जीभ बाहेर काढून सिंहाचं हास्य, आणि शेवटी मौन हास्य, म्हणजे तोंड उघडायचं, खांदे हलवायचे, पण आवाज काढायचा नाही. शिबिरात सांगतात, हसू येत नसेल तर नुसता आवाज काढा, शरीराला फरक कळत नाही. माझ्या शरीराला खरंच कळला नाही. रक्तदाब उतरला. झोप लागायला लागली. पण मला तर कळत होतं ना? मी त्या बागेत एकदाही हसलेले नाही. आवाज काढला. उत्तम काढला. लोक म्हणायचे, मॅडमसारखं खळखळून कोणाला जमत नाही.

मग धाकलीबाय आली.

तिचं नाव खरंच धाकलीबाय. आमची सोसायटी उभी आहे ती जमीन तिच्या सासऱ्यांची. इथे त्यांची भातशेती होती. आता तिचा मुलगा रमाकांत बांधकामाचा धंदा करतो आणि पलीकडच्या इमारतीतले वरचे दोन मजले त्यांचेच आहेत. नऊवारी नेसून, पायात नातवाचे बूट घालून ती पहिल्याच दिवशी रांगेत मधोमध येऊन उभी राहिली. मी कुठे राहते ते विचारलं आणि म्हणाली, “तुमची लिफ्ट हाय ना म्याडम, तितंच आमची म्हस बसायची. आता तुमी उबे रहाताव.”

सगळे हसले. व्यायाम सुरू व्हायच्या आधीच. मला ते आवडलं नाही.

तिचं हसू माझ्या कोणत्याही रांगेत बसायचं नाही. मी नमस्कार हास्य म्हटलं की बाकीचे हात जोडून हा हा हा करायचे. ही मात्र समोरच्याच्या तोंडाकडे नुसती बघत राहायची, आणि मग उशिरा, आतून कुठूनतरी सुटल्यासारखी हसत सुटायची. गुडघ्यांवर हात टेकून, वाकून. मी पुढच्या प्रकाराला हात घातला तरी तिचं आधीचंच चाललेलं असायचं, आणि तिला बघून बाकीचेही वाहून जायचे. बापटकाका म्हणून आमच्यात एक आहेत, त्यांची कवळी सिंहाच्या हास्यात निसटायची. ती म्हणायची, “काका, दात घरी ठेवून येत जा. सिंव्ह कमी न् बोकड जास्ती दिसताव.” मौन हास्य तर तिच्यामुळे बंदच करावं लागणार होतं. सगळे गप्प तोंड उघडून उभे असताना हिच्या नाकातून फुस्स आवाज यायचा. “न वाजता हसायचा? आपन काय चोरी करायला आलोय काय, म्याडम?”

संपलं. त्यानंतर कोणाकडून काही करून घेणं शक्य नसायचं.

मी चिडायचे. घरी येऊन भांडी आपटायचे. तिच्यावर चिडायला काही कारण होतं का? नव्हतं. ज्यासाठी आम्ही सगळे तिथे जमत होतो, ती गोष्ट ती करत होती. आम्ही त्याचा सराव करत होतो.

तरी तेवढ्यावर मी काही केलं नसतं. असं मला वाटतं. खात्री नाही.

तुमचे फोन तेव्हा आमच्या रविवारी पहाटे यायचे. तुमच्याकडे शनिवारची रात्र, झोपायच्या आधीची वेळ. मी बागेतच असायचे, म्हणून फोन पाराच्या कठड्यावर टेकवून ठेवायचे. आठवडाभर मी ठरवत असायचे तुम्हाला काय विचारायचं ते. निहार, तू काय जेवलास? — पास्ता. शाळा कशी आहे? — गुड. बर्फ पडला का? — हो. आणि मग तू कुठेतरी दुसरीकडे बघायला लागायचास. तुझा दोष नाही. तू केवढासा होतास. मलाही पुढचा प्रश्न सुचायचा नाही.

मग एका रविवारी माझ्या मागे धाकलीबाय हसायला लागली आणि तुम्ही दोघं पडद्याला नाक लावून बघायला लागलात. ती वळली, फोनमध्ये डोकावली, म्हणाली, “आई गं, ह्यांच्याकडं रात हाय? न् आपन इतं दात घासून आलो.” तुम्हाला शब्द कळला नसेल एकही. तुम्ही सोफ्यावर लोळायला लागलात. तुमचं ते हसणं मी त्याआधी कधी ऐकलंच नव्हतं — माझ्याशी बोलताना ते कधी आलंच नव्हतं.

त्यानंतर दर रविवारी तेच. लाफिंग आजी कुठे आहे? लाफिंग आजीला दाखव. आणि एकदा, ईरा, तू म्हणालीस, “आजी, तू जरा बाजूला हो ना, ती दिसत नाहीये.”

मी बाजूला झाले.

तुला ते आठवत नसेल. आठवावं असंही नाही. लहान मूल खरं तेच बोलतं. पण मी ते वाक्य घेऊन घरी आले, आणि जवळजवळ वर्षभर ते माझ्याबरोबर राहिलं.

त्या वर्षाच्या शेवटी धाकलीबायच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तिला दिसणारा डोळा एकच. दुसरा लहानपणी भात झोडताना कुसळ जाऊन गेलेला. हे सगळ्या क्लबला माहीत होतं. मलाही माहीत होतं — हे मुद्दाम लिहिते, म्हणजे पुढे मला माहीत नव्हतं असं मीच कधी म्हणू नये.

महिनाभराने ती काळा चष्मा लावून आली. बापटकाका म्हणाले, हिरो आला. ती सरळ माझ्याकडे आली. “म्याडम, हसू का आता? डॉक्टर बोललेले, महिनाभर जोर करू नका. झाला महिना. पन तुमी शिकून आलाव, तुमाला इचारते.”

शिबिरात आम्हाला शिकवलेलं असतं की हर्निया असेल, नुकतं ऑपरेशन झालेलं असेल, डोळ्यांचे काही आजार असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. तेवढंच. तिने डॉक्टरांना विचारलेलं होतं. मला फक्त ‘हो’ म्हणायचं होतं.

मी तिला फाटकाबाहेरच्या नळापाशी घेऊन गेले. म्हणाले, तुमच्या डोळ्याबद्दल मी मुंबईच्या एका मोठ्या डॉक्टरांशी बोलले आहे. मी कोणाशीही बोलले नव्हते. म्हणाले, ते सांगतात, अशा डोळ्याला जोराचं हसणं चालत नाही. आत बसवलेलं भिंग सरकतं. भिंग हा शब्द मी इंग्रजीत म्हटला. तिने मान डोलावली. मग विचारलं, “किती दिस?”

इथे मी काहीही म्हणू शकले असते. महिना. दोन महिने. मी फक्त चिडलेली बाई होते, दुष्ट नव्हते, असं नंतर स्वतःला समजावता आलं असतं.

मी म्हणाले, “कायमचं.”

आणि तिला हसू आलं. सवयीने, माझ्या गंभीर चेहऱ्याकडे बघून असेल. आलं आणि अर्ध्यावर तिने चटकन तळहात डोळ्यावर दाबला. “आता आला त्यानं काय झालं नसंल ना, म्याडम?”

मी म्हणाले, नाही. पण यापुढे नको.

त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावरची भीती मी पाहिली. पाहून फाटकातून आत गेले आणि टाळ्या सुरू केल्या. हो हो, हा हा हा.

मला काय वाटलं होतं? ती क्लबला यायची बंद होईल, एवढंच. हे मी सफाई म्हणून सांगत नाही, उलट हेच मला जास्त लाजवतं. हसणं म्हणजे बागेत सकाळी करायचा व्यायाम, तो बंद केला की माणूस घरी जाऊन बाकीचं आयुष्य जगतं — असं फक्त मला वाटू शकत होतं. तिच्यासाठी ते वेगळं नव्हतंच. तिला मी सांगितलं होतं की हसशील तर आंधळी होशील. ती घरी गेली आणि हसायची थांबली. नुसतं बागेतलं नाही, सगळंच.

तुम्ही विचारलंत तेव्हा मी म्हणाले, लाफिंग आजी उरणला लेकीकडे राहायला गेली. ती कुठेही गेलेली नाही.

क्लब सुरळीत झाला. रांगा सरळ, मौन हास्य पूर्ण मौन. तुम्ही काही रविवार विचारलंत, मग विचारायचं सोडलंत. तुम्ही माझ्याकडे बघायला लागलात असं मात्र झालं नाही. फोन फक्त लवकर संपायला लागला, आणि पुढे बाबाने त्याची वेळच बदलली. मला लोक निरनिराळ्या मंडळांत हास्य आणि ज्येष्ठांचं आरोग्य या विषयावर बोलायला बोलवायला लागले. मी चांगलं बोलते. श्वास, रक्ताभिसरण, एकटेपणा — सगळे मुद्दे क्रमाने येतात. शाल मिळते. घरी आल्यावर ती शाल घडी करून कपाटात ठेवताना मला इतकी चीड येते की काही वेळा मी दार नुसतं आपटते आणि पुन्हा उघडून नीट लावते.

पुढच्या थंडीत रमाकांतने सगळ्या क्लबला पोपटीला बोलावलं. आमच्या सोसायटीच्या भिंतीमागे त्यांच्या शेताची एक पट्टी अजून शिल्लक आहे, तिथे. तुम्ही पोपटी पाहिलेली नाही. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, बटाटे भरतात, मडकं उलटं ठेवतात आणि भोवती जाळ करतात. संध्याकाळ होती. बापटकाका बुटक्या पाटावर बसायला गेले, पाट कलंडला, आणि ते हातातल्या शेंगांसकट मागच्या पेंढ्यात आडवे झाले. पाय वर. कवळी बाजूला. त्यांना काही लागलं नव्हतं. पहिले तेच हसले. मग सगळे.

धाकलीबायने तोंड सोसायटीच्या भिंतीकडे फिरवलं. पदराचा बोळा दातांत धरला. एक हात डोळ्यावर, घट्ट. तिचे खांदे हलत होते. मी पाठीमागून बघत होते. मग ते खांदे थांबले, ती सावकाश वळली आणि काहीच न झाल्यासारखी मडक्यातल्या शेंगा उपसायला लागली.

माझ्या शेजारी तिची सून बसली होती. ती म्हणाली, “आई हल्ली हासतच नाय. टीवीवर तसला काय लागला तर उठून आत जाते. पोरं मुद्दाम हासवायला जातात तर त्यांच्यावर वराडते. पोरं पन आता जात नाय तिच्याकडं.”

पोरं म्हणजे तिची नातवंडं. तुमच्याच वयाची.

धाकलीबायने चांगल्या भरलेल्या शेंगा निवडून माझ्या पत्रावळीवर ठेवल्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “ह्या म्याडम हायत म्हनून माझा डोला हाय. नायतर आज मना कोनीतरी धरून आनला असता इतं.”

मी शेंगा खाल्ल्या. चवीला छान झाल्या होत्या, तेही मी तिला सांगितलं.

त्यानंतर मी एकदा प्रयत्न केला. प्रयत्न हा शब्दसुद्धा मोठा आहे. तिच्या घरी गेले, म्हणाले, त्या डॉक्टरांशी पुन्हा बोलणं झालं, आता नवं काहीतरी निघालं आहे, तुम्ही हसलात तरी चालेल. म्हणजे एक खोटं बोलून दुसरं पुसायला गेले, कोणालाही न कळता. कागदावरचा आकडा दुरुस्त करावा तसं.

तिने चहा पुढे केला. “नको, म्याडम. ते डॉक्टर लांब बसून बोलनार. गेला तर माझा डोला जानार. एकच हाय.” मग म्हणाली, “न् आता येत पन नाय तितका. सवय झाली.”

तिथे एकच वाक्य चाललं असतं. ‘मी खोटं बोलले होते.’ तीन-चार शब्द. ते ऐकल्यावर तिने कदाचित मला घराबाहेर काढलं असतं, रमाकांतने सगळ्या सोसायटीला सांगितलं असतं, आणि ती हसली असती — त्या दिवशी नसेल, पण नंतर. मी हे सगळं तिथे बसून नीट पाहिलं. मग चहा संपवला, कप आत नेऊन ठेवला आणि घरी आले.

याला आता काही वर्षं झाली. ईरा, तू आता तुझ्या आईएवढी उंच झाली आहेस. मी दर काही दिवसांनी ठरवते, उद्या सांगेन. मला आयुष्यात कोणतीही गोष्ट उद्यावर टाकायची सवय नाही. बिलं मी आल्या दिवशी भरते. तुमचे वाढदिवस चुकत नाहीत. ही एकच गोष्ट मी रोज टाकते, आणि रोज तितक्याच व्यवस्थितपणे.

ती सकाळी येते. क्लबमध्ये नाही — कुंपणाच्या बाहेर एक बाक आहे, तिथे. आमच्याकडे पाठ करून बसते. समोरून न्हावा शेव्याकडे जाणारे ट्रक धूळ उडवत जातात, ते बघत असते. एकदा बापटकाकांनी तिला विचारलं, आत का येत नाहीस, नुसती बस. म्हणाली, “तोंडं बघितली तर र्‍हावनार नाय. आवाज आयकते, बास.”

म्हणजे ती ऐकायला येते. माझ्या आवाजात हो हो, हा हा हा ऐकते. आणि हात मांडीवर ठेवत नाही; तो वर, डोळ्याजवळ तयार असतो.

शेवटी मौन हास्य येतं. मी इशारा करते. सगळे तोंड उघडून, खांदे हलवत, गप्प उभे राहतात. बागेत तेव्हा पाखरंसुद्धा ऐकू येतात. मी रोज त्या बाकाकडे कान लावते. तिथून काहीही आवाज येत नाही.